पोलर निर्देशक: थीटा काढताना आधी एक्सचं चिन्ह बघा

साताऱ्यात पोवई नाक्यावर कुणी अजिंक्यतारा विचारला, तर आपण हात करून सांगतो, 'त्या अंगाला, एवढा लांब.' पूर्वेला किती नि उत्तरेला किती, असला हिशेब कुणी सांगत नाही. पोलर निर्देशक म्हणजे हेच हात करून सांगणं: मूळबिंदूपासूनचं अंतर आर, आणि एक्स-अक्षाच्या धन बाजूपासून घड्याळाच्या उलट दिशेनं मोजलेला कोन थीटा.

पोलरवरून एक्स-वाय काढणं म्हणजे नुसता गुणाकार. एक्स = आर कॉस थीटा, वाय = आर साइन थीटा. (४, १५०°) दिलं असेल तर एक्स −२√३, वाय २. झालं. कॉस ६० चं उत्तर ०.५ ऐवजी −०.९५ दिसलं, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) राहिलाय.

उलट जाताना आर सोपा: दोन्ही वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ. घात करतो तो थीटा: वायला एक्सनं भागायचं, नि त्या भागाकाराचा टॅन इन्व्हर्स, म्हणजे तेवढा टॅन असलेला कोन, घ्यायचा.

बारावीत मी (−१, −√३) चा थीटा ६०° लिहून मोकळा झालो होतो. भागाकार √३, टॅन ६०° सुद्धा √३, मग गुण गेले कशात? कितीतरी दिवस कळलं नाही. आता पोरांना मी नाकाच मूळबिंदू धरायला लावतो, पूर्वेला एक्स, उत्तरेला वाय. किल्ला नैर्ऋत्येला, म्हणजे दोन्ही चिन्हं ऋण. ६०° धरून निघालात तर किल्ला पाठीमागे टाकून चालू लागाल! वायला एक्सनं भागताना ऋण-ऋण उडून जातं, त्यामुळे बिंदू किल्ल्याकडचा की बरोब्बर उलटीकडचा, हे त्या √३ ला माहीतच नसतं. शिवाय टॅन इन्व्हर्स उत्तर देतो ते −९०° ते ९०° मधलंच, म्हणजे कायम उजव्या अर्ध्या भागातलं.

यावर एक भिकार तोडगा वर्षानुवर्षं फिरतोय: 'उत्तर ऋण आलं की १८० मिळवा.' अजिबात ऐकू नका. वरच्या उदाहरणात उत्तर धनच आलं होतं, तरी चूक. आणि (√३, −१) ला −३०° येतं. त्यात १८० मिळवलेत तर १५०°, पुन्हा उलट्या दिशेला. खरं उत्तर ३३०°.

कॅल्क्युलेटरच्या उत्तराचं चिन्ह बघूच नका, एक्सचं बघा. एक्स ऋण असेल तर १८० मिळवा, मग उत्तर काहीही आलेलं असो. एक्स धन आणि वाय ऋण असेल तर ३६० मिळवा. दोन्ही धन असतील तर हात लावू नका. (−३, ३) घ्या: उत्तर −४५°, एक्स ऋण, म्हणून १३५°, आर ३√२. आणि आधी कच्ची आकृती काढा, दोन रेघा नि एक ठिपका. त्याचा कंटाळा करणारेच माझ्याकडे वही घेऊन परत येतात.

एक्स शून्य असेल तर भागाकाराच्या नादी लागू नका: वाय धन तर ९०°, ऋण तर २७०°. मूळबिंदूचा आर शून्य. त्याला थीटा ठरवताच येत नाही.

संगणकावर करणार असाल तर एटॅन२ हे फंक्शन चिन्हं स्वतःच सांभाळतं. फक्त पायथनमध्ये त्याला आधी वाय द्यायचा, एक्सेलमध्ये आधी एक्स. उत्तर दोन्हीकडे रेडियनमध्ये, आणि ऋण आलं तर इथे मात्र २π मिळवायचे.