विहिरीतली पातळी वाचताना या चुका टाळा: मुक्त आणि बंदिस्त जलधर

जलधर म्हणजे पाणी साठवणारा आणि देणारा जमिनीखालचा थर; वरून घट्ट थराने झाकलेला आणि दाबाखाली असलेला तो बंदिस्त, तसे झाकण नसलेला तो मुक्त. विंधण विहीर घेताना 31 मीटरवर पाणी लागले आणि काही तासांनी टेप सोडून पाहिली तर ते 9 मीटरवर येऊन थांबले होते, अशा वेळी नोंदवहीत ‘भूजल पातळी 9 मीटर’ एवढेच लिहून काम संपवले जाते. पहिली चूक इथेच होते. 9 मीटर ही पाणी सापडल्याची खोली नसून, खालच्या बंदिस्त थरातल्या दाबाने पाणी जिथवर चढले ती दाबपातळी आहे, आणि मधल्या 22 मीटरांत पाणी न देणारी घट्ट चिकणमातीही असू शकते. मुक्त जलधरात पाण्याच्या माथ्यावर फक्त हवेचा दाब असतो, त्यामुळे विहिरीत दिसणारी पातळी आणि भोवतालच्या थरातली पातळी सहसा एकच असते. म्हणून ‘पाणी लागलेली खोली’ आणि ‘स्थिर पातळी’ असे दोन वेगळे रकाने ठेवावेत. त्यांतला मोठा फरक हीच जलधर बंदिस्त असल्याची पहिली खूण असते. पाणी आपोआप जमिनीवर वाहत नाही म्हणजे जलधर बंदिस्त नाही, हा समजही चुकीचा आहे, कारण तसे वाहण्यासाठी दाबपातळी जमिनीच्याही वर असावी लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक साठ्याच्या हिशोबात होते. मुक्त जलधरात पातळी खाली जाते तेव्हा वाळूच्या किंवा खडकाच्या पोकळ्या खरोखर रिकाम्या होतात. बंदिस्त जलधरातल्या पोकळ्या भरलेल्याच राहतात. दाब घटल्यामुळे पाणी किंचित प्रसरण पावते, थराचा सांगाडा किंचित दबतो आणि त्यातून जेवढे पाणी सुटते तेवढेच हाती येते. 1 चौरस किलोमीटर क्षेत्रात पातळी 1 मीटरने उतरली आणि मुक्त जलधराचा साठवण गुणांक (पातळी 1 मीटरने उतरल्यावर दर चौरस मीटरमागे सुटणारे घनमीटर पाणी) 0.15 असेल, तर 1,50,000 घनमीटर पाणी मिळते. बंदिस्त जलधरात हा गुणांक 0.0002 असला, तर तेवढ्याच घसरणीतून 200 घनमीटर मिळते. म्हणूनच बंदिस्त जलधरातल्या उपशाचा परिणाम दूरवरच्या विहिरीत लवकर जाणवतो. याच हिशोबात एकूण सच्छिद्रता (थरातल्या सगळ्या पोकळ्यांचे प्रमाण) वापरण्याची सवयही घातक आहे, कारण चिकणमातीची सच्छिद्रता 40 टक्क्यांच्या वर असली तरी त्यातले बहुतेक पाणी कणांना धरून राहते आणि निथळत नाही.

पाऊस नाही, उपसा बंद आहे, तरीही रात्रीतून पातळी 6 सेंटिमीटरने वर आली, अशी नोंद पाहून पुनर्भरण झाल्याचा निष्कर्ष काढण्याआधी वायुभारमापकाकडे पाहावे. बंदिस्त जलधरावर वाढलेल्या हवेच्या दाबाचा काही भार थराचा सांगाडा पेलतो, पण विहिरीतल्या पाण्यावर तो पुरता पडतो. म्हणून हवेचा दाब वाढला की पातळी उतरते आणि घटला की चढते. दाब 10 मिलिबारने कमी झाला तर तो सुमारे 10 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो, आणि त्यातला साठ टक्के परिणाम विहिरीत उमटला तर नेमके ते 6 सेंटिमीटर मिळतात.

उपसा चाचणी (पंप चालू ठेवून पातळीची घसरण मोजणे) आटोपती घेणे ही मुक्त जलधरातली नेहमीची चूक आहे. सुरुवातीची काही मिनिटे तो बंदिस्त जलधरासारखाच वागतो, नंतर वरच्या थरातले पाणी सावकाश निथळून येऊ लागल्यामुळे घसरणीचा आलेख जवळजवळ आडवा होतो आणि बऱ्याच वेळाने पुन्हा उतरू लागतो. आडव्या टप्प्यावर पंप बंद केला की विहीर ‘स्थिर झाली’ असे वाटते. सुरुवातीच्या आकड्यांना थाइसचे 1935 चे सूत्र (घसरणीवरून जलधराचे गुणांक काढण्याचे) लावले, तर साठवण गुणांक कितीतरी कमी निघतो. बंदिस्त जलधरासाठी साधारण 24 तास आणि मुक्त जलधरासाठी 72 तासांची चाचणी सुचवली जाते, ती याच कारणाने. शिवाय मुक्त जलधरात पाण्याने भरलेली जाडीच उपशाबरोबर कमी होते: जाडी 20 मीटर आणि घसरण 8 मीटर असेल, तर घसरणीच्या वर्गाला जाडीच्या दुपटीने भागून आलेले 1.6 मीटर वजा करून 6.4 मीटर हा आकडा सूत्रात घ्यावा. बंदिस्त जलधराला ही दुरुस्ती लावू नये. मात्र तिथेही आलेख आडवा झाला तर वरच्या थरातून गळती होत आहे का, हे तपासावे, कारण ‘अपार्य’ (पाणी जाऊ न देणारा) म्हटला जाणारा थर सहसा पूर्णपणे अपार्य नसतो.

दोन्ही थरांना एकाच जाळीच्या पाइपने जोडले, तर टेपवर येणारी पातळी धड कोणत्याच थराची नसते, आणि वरचे दूषित पाणी खाली उतरायला वाट मिळते. केसिंगभोवतीची (विहिरीत बसवलेल्या पाइपाभोवतीची) पोकळी, जलधराला बंदिस्त करणाऱ्या थराच्या खोलीवर, सिमेंटने किंवा बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) भरून घ्यावी. पुनर्भरणाचा खड्डाही अशा थराच्या वर घेतला, तर त्याचे पाणी बहुतांशी मुक्त जलधरातच राहते; बंदिस्त थर मुख्यतः दूरवर जिथे उघडा पडतो तिथे भरतो.

उपसा थांबल्यावर दाबपातळी पूर्ववत झाली म्हणजे साठाही पूर्ववत झाला, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागते. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यात, मेंडोटाजवळ, 1925 ते 1977 या काळात जमीन 8.5 मीटरपेक्षा जास्त खचली. तिथे एका खांबावर उंच लावलेली 1925 ची पाटी पूर्वीची जमीन कुठे होती ते दाखवत असे. दाब घटल्यावर चिकणमातीचे थर दबले, आणि दाब परत वाढला तरी ते फारसे फुगत नाहीत. जिथे असे जाड थर आहेत तिथे पातळीच्या नोंदींबरोबर जमिनीच्या उंचीचीही नियमित मोजणी करावी.