मधुमेह असताना आरोग्य विमा आणि तपासण्या कशा सांभाळाव्यात

बाबांचा विम्याचा फॉर्म एजंटने आमच्या कळव्याच्या घरी चहा पिता पिता भरला. ‘मधुमेह आहे का?’ या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’वर खूण केली. “उगाच हप्ता वाढेल,” म्हणाला, आणि बाबांनी सही केली. दोन वर्षांनी पायाची जखम चिघळली, ॲडमिट करावं लागलं. कंपनीने डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या मागवल्या आणि क्लेम नाकारला.

म्हणून पहिलं काम हे: फॉर्म स्वतः भरा. मधुमेह कोणत्या वर्षी निघाला, गोळ्या कोणत्या, इन्शुलिन आहे का, बीपी आहे का, सगळं लिहा. पॉलिसी हातात आली की सोबतची फॉर्मची प्रत रकान्यागणिक वाचा. पटलं नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

मग प्रतीक्षा काळ बघा, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर जुन्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारासाठी तो जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. काही पॉलिसी पहिल्या दिवसापासून मधुमेह धरतात, त्यांचा हप्ता जास्त असतो. जुनी पॉलिसी नकोशी झाली तरी मध्येच सोडू नका. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टिंगचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेण्याचा अर्ज केला, तर जुन्या विमा रकमेपुरता सरलेला प्रतीक्षा काळ नव्या कंपनीत धरला जातो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, तेव्हा हप्त्याची पावती तपासा.

महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि कारखाना ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत असेल, तर गोळ्याही तिथूनच मिळतात. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या अनेकांना हे माहीतच नसतं. सत्तरीपुढच्या आईवडिलांचं आयुष्मान कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात, पण ॲडमिट झाल्यावरचे. रोजची गोळी आणि तपासणी यात येत नाही, आणि बहुतेक खासगी पॉलिसींतही नाही.

खरी काळजी घ्यायची ती इथे. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी: साखर आटोक्यात असेल तर सहा महिन्यांनी, नसेल तर तीन महिन्यांनी. वर्षातून एकदा डोळ्यात थेंब घालून पडद्याची तपासणी, नजर स्वच्छ असली तरी. किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची वेगळी तपासणी, कारण साध्या लघवी तपासणीत सुरुवातीची गळती निसटते.

आणि पाय. बाबांची जखम बुटातल्या बारीक खड्याने झाली. वागळे इस्टेटमध्ये दिवसभर ते त्याच खड्यावर चालत होते आणि त्यांना कळलं नाही, कारण तळव्याची जाणीव गेली होती. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा आत रक्त होतं. आता आमच्याकडे रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहतात, बोटांच्या बेचक्यांत बोट फिरवतात, आणि सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटा करून झटकतात. डॉक्टरांकडे वर्षातून एकदा तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून जाणीव तपासून घ्या. ते स्वतःहून करत नसतील तर चप्पल काढून पाय पुढे करा.

खर्च आवरायला जवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात विचारा. गोळ्यांसाठी जनऔषधी दुकान, पण मात्रा तीच आहे ना ते चिठ्ठीशी ताडून. प्रतिबंधक तपासणीचे ५ हजारांपर्यंतचे पैसे, रोख दिले तरी, आयकराच्या जुन्या करप्रणालीत आरोग्य विम्याच्या वजावटीच्या (८०डी) मर्यादेत उत्पन्नातून वजा होतात.

कॅशलेसची, म्हणजे रुग्णालयाचं बिल कंपनीने थेट भरण्याची विनंती गेल्यावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. नकार आला तर कारण लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. ठाणे आणि नवी मुंबईसाठीचं कार्यालय ठाण्यातच आहे, तक्रार फुकट असते, वकील लागत नाही. सोबत नकाराचं पत्र, पॉलिसी, भरलेल्या फॉर्मची प्रत आणि तारखेनुसार लावलेली तपासण्यांची फाइल न्या.