वाचा-उपचार केंद्रासाठी एलएलपी स्थापन करताना या चुका टाळा

दोन स्पीच थेरपिस्ट मिळून केंद्र काढायचे ठरवतात, सीए एलएलपीचा (मर्यादित दायित्व भागीदारी संस्थेचा) सल्ला देतात आणि नोंदणीचे प्रमाणपत्र हाती पडले की आता आपल्या घरादाराला धक्का लागणार नाही, अशी दोघींची समजूत होते. ही समजूत अर्धीच खरी आहे आणि पुढच्या बऱ्याच अडचणी तिच्यातूनच उद्भवतात.

एलएलपी कायदा, 2008 नुसार केंद्राचे थकलेले भाडे, कर्ज किंवा पुरवठादारांचे देणे हे एलएलपीचे देणे असते. केवळ भागीदार आहात म्हणून ते तुमच्या खाजगी मालमत्तेतून वसूल करता येत नाही. परंतु त्याच कायद्याचे 28 वे कलम स्वतःच्या चुकीच्या कृतीची किंवा हयगयीची वैयक्तिक जबाबदारी कायम ठेवते. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाची पुरेशी तपासणी न करता त्याला साधे पाणी देण्यास सांगितले आणि ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला, तर भरपाईचा दावा एलएलपीबरोबरच सल्ला देणाऱ्या थेरपिस्टवरही होऊ शकतो. म्हणून व्यावसायिक दायित्वाचा विमा संस्थेच्या आणि प्रत्येक थेरपिस्टच्या नावाने घ्यावा, तो पहिला रुग्ण येण्यापूर्वीच घ्यावा. जागेचा भाडेकरार आधीच स्वतःच्या नावाने झाला असेल, तर तो एलएलपीच्या नावाने नव्याने करून घ्यावा. कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल, तर तेवढ्या रकमेपुरते मर्यादित दायित्वाचे संरक्षण आपणच सोडून दिलेले असते.

दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण ती मैत्रीच्या भरवशावर केली जाते. नोंदणीनंतर 30 दिवसांत भागीदारांमधील करारनामा फॉर्म 3 सोबत दाखल करावा लागतो. अनेक जण इंटरनेटवरचा तयार मसुदा वापरतात किंवा मुख्य मुद्देच कोरे ठेवतात. ज्या मुद्द्यावर करार गप्प असतो, तिथे कायद्याची पहिली अनुसूची लागू होते. तिच्यानुसार नफा-तोटा सर्वांमध्ये समान वाटला जातो आणि कामाबद्दल कोणत्याही भागीदाराला मोबदल्याचा हक्क नसतो. म्हणजे एकीने दिवसभर सेशन घेतली आणि दुसरीने केवळ भांडवल घातले, तरी वाटा सारखाच. कोणी किती तास काम करायचे, सेशनमागे किती रक्कम घ्यायची, बाळंतपणाच्या रजेत वाटा काय राहील आणि बाहेर पडणाऱ्या भागीदाराकडील रुग्णांच्या नोंदी कोणाकडे राहतील, हे करारात स्पष्ट लिहावे. करार आधीच दाखल झाला असेल, तर पुरवणी करार करून तोही फॉर्म 3 नेच कळवता येतो.

एलएलपीची नोंदणी म्हणजे उपचार करण्याचा परवाना नव्हे. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, 1992 च्या 13 व्या कलमानुसार परिषदेकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीने हा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पावतीवर संस्थेच्या नावासोबत थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक छापलेला असावा.

जीएसटीच्या बाबतीत उपचारसेवा करमुक्त आहे म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे आहे. कंपनीतील कर्मचाऱ्यांना उच्चारांचे प्रशिक्षण देणे हा उपचार नव्हे, त्यामुळे त्यावर कर लागू होतो. शिवाय नोंदणीची 20 लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त उत्पन्नही धरले जाते. वर्षाला 18 लाखांची थेरपी आणि 3 लाखांचे प्रशिक्षण असेल, तर नोंदणी घ्यावी लागते.

वार्षिक विवरणपत्रांना उलाढाल शून्य असली तरी सूट नाही: फॉर्म 11 साठी 30 मे आणि फॉर्म 8 साठी 30 ऑक्टोबर ही मुदत असते, आणि उशीर झाल्यास विलंबशुल्क वाढत जाते. उलाढाल 40 लाखांपेक्षा किंवा भांडवल 25 लाखांपेक्षा जास्त असल्यास लेखापरीक्षण सक्तीचे आहे.

दोघींपैकी एक भागीदार लग्न, बदली किंवा परदेशगमनामुळे बाहेर पडली, तर एकट्या उरलेल्या भागीदाराने तसेच काम चालू ठेवू नये. वस्तुस्थिती ठाऊक असूनही सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ एकटीने व्यवसाय केला, तर त्या मुदतीनंतरच्या देण्यांना ती व्यक्तिशः जबाबदार ठरते. सहा महिन्यांच्या आत नवा भागीदार घ्यावा आणि हा बदल 30 दिवसांत फॉर्म 4 ने कळवावा. एकट्यानेच केंद्र चालवायचे असेल, तर एकल व्यक्ती कंपनीचा विचार आधीच करावा.