मानेतली स्नायूची साधी गाठ: या चुका टाळा

सोलापुरात मावा (तंबाखू-सुपारीचा) खाणाऱ्याच्या गळ्यात गाठ लागली की रिपोर्ट यायच्या आत घरच्यांनी कॅन्सर धरलेला असतो. बहुतेकदा भीती रास्तच असते. पण कधीतरी ती गाठ रॅब्डोमायोमा निघते, म्हणजे स्नायूची साधी, कॅन्सर नसलेली गाठ. ती बहुधा चाळिशीनंतर होते, पुरुषांत जास्त.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते सुईच्या तपासणीवरून, म्हणजे गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी बघण्यावरून. स्लाइडवर स्नायू दिसला की नवशिके पॅथॉलॉजिस्ट ‘सुई शेजारच्या स्नायूत गेली, नमुना अपुरा’ लिहून मोकळे. अक्कलकोटकडच्या एका साठीतल्या काकांना जबड्याखाली गाठ होती, गिळताना अडकायचं. एका लॅबने हाच शेरा दिला. पुन्हा सुई, पुन्हा तोच शेरा. स्लाइड मागवून पाहिली तर मोठाल्या बहुकोनी पेशी, गुलाबी, दाणेदार. काहींतलं ग्लायकोजेन विरघळून पोकळ्या पडलेल्या, आणि केंद्रकापासून कडेपर्यंत कोळ्याच्या पायांसारखे धागे. ऑइल लेन्सखाली फोकस हळूहळू फिरवत बसल्यावर एका पेशीत स्नायूची खूण असलेले आडवे पट्टेही सापडले. नेहमीचा स्नायू असा दिसतच नाही, त्याचे तंतू लांब आणि समांतर असतात. दोनदा गाठीतूनच स्नायू येतोय, तर गाठच स्नायूची असेल, एवढी शंका तरी यावी की नाही? पण घाई! पुढची स्लाइड वाट बघत असते ना.

दुसरी चूक म्हणजे दाणेदार पेशी दिसताच ग्रॅन्युलर सेल ट्यूमर (दाणेदार पेशींची वेगळीच गाठ) लिहिणं. फरक कळतो तो मार्करवरून, म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून: त्यात एस-१०० आणि सीडी६८ लागतात, रॅब्डोमायोमात डेस्मिन आणि मायोग्लोबिन. एस-१०० रॅब्डोमायोमातही अधूनमधून थोडं लागतं, त्यामुळे मी आधी डेस्मिन मागवतो. एका मार्करवर निकाल देऊन पेशंटचे पैसे वाचवल्याचा आव कुणी आणू नये.

काढलेली गाठ लॅबकडे सलाइनमध्ये पाठवू नका. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तिचं काय होतं ते मी रोज बघतो. फॉर्मलिन, म्हणजे गाठ टिकवणारं द्रव, गाठीच्या दसपट तरी हवं.

ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराचा संबंध लहान मुलांच्या हृदयातल्या रॅब्डोमायोमाशी आहे, तो इथे चिकटवू नका.

सर्जन मंडळींना एकच सांगणं: गाठी एकाहून जास्त असू शकतात, तेव्हा ऑपरेशनआधी घसा आणि स्वरयंत्र नीट बघा. तुकडा मागे राहिला तर काही वर्षांनीही ती परत वाढते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर फॉलोअप ठळक लिहा. ‘साधी गाठ’ ऐकल्यावर पेशंट पुन्हा फिरकत नाही.