लपलेला फोल्डर बघायचाय? बघा, पण परत झाकून ठेवा

गुरुवारी दुपारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका लॅपटॉप काखेत मारून दारात हजर. मीटिंगचे मिनिट्स टाईप करत होते, लाईट गेली, बॅटरी तर केव्हाचीच मेलेली त्यामुळे मशीन धाडकन बंद, आणि नंतर वर्ड उघडल्यावर बाजूला जी रिकव्हरीची पट्टी येते ती काकांनी जाहिरात समजून बंद करून टाकली. "अरे दोन तासांचं काम गेलं रे!"

गेलं नव्हतं. सेटिंग बदललं नसेल तर वर्ड दर 10 मिनिटांनी एक कॉपी गुपचूप ठेवत असतं, फक्त ती ज्या अ‍ॅपडेटा नावाच्या फोल्डरात असते तो विंडोज लपवून ठेवतं.

तर बघायचा कसा. विंडोज बटण आणि ई दाबा, एक्सप्लोरर उघडेल. विंडोज 11 असेल तर वरती व्ह्यू, त्यात शेवटी शो, त्यात हिडन आयटम्स, त्यावर क्लिक. विंडोज 10 मध्ये व्ह्यूच्या टॅबमध्येच हिडन आयटम्सची चौकट दिसते, टिक करा, झालं. मग सी ड्राईव्ह, युझर्स, तुमच्या नावाचा फोल्डर, आणि तिथे अ‍ॅपडेटा फिकट रंगात दिसायला लागतो. त्याच्या आत रोमिंग, मग मायक्रोसॉफ्ट, मग वर्ड. काकांची फाईल तिथेच होती, शेवटी एएसडी लिहिलेली. अशी फाईल डबल क्लिकने उघडली नाही तर वर्डमधून ओपन करा आणि खाली ऑल फाईल्स निवडा. शेवटची पाचसात मिनिटं सोडली तर सगळं परत आलं (नेमका पार्किंगच्या भांडणाचा भाग गेला, काका त्यावर फारसे हळहळले नाहीत).

काम झालं की त्याच जागी जाऊन टिक काढा, हे लोक हमखास विसरतात. न काढल्याने कॉम्प्युटर बिघडत नाही, पण घरातलं कोणीतरी साफसफाईला निघतं. वर्डची फाईल उघडी असताना तिच्याशेजारी तशाच नावाची एक फिकट छोटी फाईल दिसायला लागते, ती वर्डचीच असते, पण बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आला.

खरं सांगू का, एकाच फोल्डरात डोकवायचं असेल तर मी सेटिंगला हातच लावत नाही. विंडोज बटण आणि आर दाबायचं, छोटा डबा येतो, त्यात इंग्रजीत टक्क्याचं चिन्ह, मग ए पी पी डी ए टी ए सलग, परत टक्क्याचं चिन्ह, एंटर. थेट रोमिंगमध्ये पोचता, बाकी सगळं लपलेलंच राहतं, नंतर आवरायची भानगडच नाही.

मॅकवर फाईंडरमध्ये कमांड, शिफ्ट आणि टिंब एकत्र, परत तेच दाबलं की गायब. उबंटूवर कंट्रोल एच.

आता पेनड्राईव्हचं. झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून आल्यावर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, असं झालं तर आधी त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका. तुमचे फोल्डर बहुतेक वेळा तिथेच असतात, पण त्यांना सिस्टीमचा शिक्का मारलेला असतो म्हणून नुसत्या हिडन आयटम्सने दिसत नाहीत. आधी वर सांगितलेलं हिडन आयटम्स चालू करा, मग व्ह्यूच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये (11 मध्ये वरच्या तीन टिंबांत ऑप्शन्स) व्ह्यू टॅबवर हाईड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाईल्स अशी ओळ आहे, तिचा टिक काढा, विंडोज दटावेल, यस म्हणा. डेस्कटॉपवर अचानक डेस्कटॉप डॉट आयएनआय दिसेल, एक किंवा दोन, त्याला हात लावू नका. पेनड्राईव्हवरचा फोल्डर उघडून फक्त आतल्या कामाच्या फाईल्स कॉपी करा, कॉम्प्युटरवर नवा फोल्डर करून त्यात टाका, अँटिव्हायरस फिरवा, पेनड्राईव्ह फॉरमॅट मारा, आणि तो टिक लगेच, चहा प्यायला उठायच्या आधी, परत लावा, हिडन आयटम्सचा काढा.