डीडीएममधल्या पटलप्रथिनाचा रेणुभार तिप्पट येत होता: माझा अनुभव

नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेतलं, डीडीएम या डिटर्जंटमध्ये विरघळवलेलं पटलप्रथिन (पेशीच्या पटलातलं प्रथिन) अमिनो आम्लांच्या क्रमावरून ४५ किलोडाल्टनचं. जेल फिल्ट्रेशनच्या (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॉलमच्या) कॅलिब्रेशनवर मात्र १५०. रेणू एकेरी की तीन मिळून तिहेरी? एसडीएस या तीव्र डिटर्जंटच्या जेलवर पट्टा ३६ ला, पण एसडीएस रेणूंच्या जोड्याच तोडतं, त्यामुळे तो पुरावा निरुपयोगी. अक्षरशः वैतागलो होतो.

सुटलं ते सेक-मॅल्सला (कॉलममधून बाहेर पडणाऱ्या रेणूंचा भार प्रकाशाच्या विकिरणावरून मोजण्याची पद्धत) यूव्ही आणि अपवर्तनांक हे दोन्ही डिटेक्टर जोडून. आधी ०.०२ टक्के डीडीएमचा बफर (सीएमसी, म्हणजे डिटर्जंटचे पुंजके अर्थात मायसेल बनू लागण्याची संहती, साधारण ०.००९ टक्के, त्याच्या वरच राहा) ०.१ मायक्रॉनमधून गाळला. अपवर्तनांकाची बेसलाइन सपाट होईपर्यंत, म्हणजे रात्रभर, तो कॉलममधून सोडला. त्याच बफरमध्ये बीएसए (माहीत असलेल्या रेणुभाराचं प्रथिन) चालवून डिटेक्टरांमधलं अंतर आणि शिखराचं पसरणं दुरुस्त केलं. मग नमुना. विश्लेषणात ‘प्रोटीन कॉन्ज्युगेट’ (प्रथिन आणि त्याला चिकटलेला घटक यांचे भार वेगळे काढणारा पर्याय) निवडलं. डीएन/डीसी (संहतीनुसार अपवर्तनांक किती बदलतो तो आकडा) प्रथिनाला ०.१८५, डीडीएमला ०.१४३. २८० नॅनोमीटरचा शोषणांक प्रथिनाचा क्रमावरून काढलेला, डीडीएमचा शून्य. सगळं मर्म या शून्यात आहे: यूव्हीला फक्त प्रथिन दिसतं, अपवर्तनांकाला दोन्ही, म्हणून दोघांचा वाटा वेगळा काढता येतो.

निकाल: प्रथिन ४६, त्याला चिकटलेलं डिटर्जंट ८५. एकेरीच!

मागून येणारं, यूव्हीत न दिसणारं ७० च्या आसपासचं शिखर रिकाम्या मायसेलचं असतं. विश्लेषणाची हद्द आखताना ते बाहेर ठेवा.