महापालिकेचं आरोग्य खातं हातात आलंय? मग हे आधी करा

पहिल्या दिवशी बुके, सत्कार, फायलींचा ढीग हे होणारच, होऊ द्या. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे पाणी सुटायच्या वेळेला एखाद्या वॉर्डात जाऊन उभे राहा, सोबत फक्त वॉलमन (पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा) आणि आरोग्य सेवक. लाईनीच्या अगदी शेवटच्या घरी जायचं, नळाचं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, ओटीचे (ऑर्थोटोलिडिन, पाण्यातलं क्लोरीन तपासायचं औषध) थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे (टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे), रंगच आला नाही तर तिथून हलू नका, गळती कुठंय ते वॉलमनला विचारा, त्याला बहुतेक वेळा माहीत असतं पण कोणी विचारलेलं नसतं.

एवढं ठासून सांगतोय कारण आमच्याकडे गॅस्ट्रोची साथ आली तेव्हा रजिस्टरात महिनाभर सगळे नमुने पिवळे होते, आणि ते खोटे पण नव्हते, फक्त सगळे टाकीजवळच्या नळांचे होते! टोकाच्या चाळीत पाईप गटारातून गेलेला, पाणी बंद झालं की घाण आत ओढली जायची आणि पोरं आजारी पडत होती. लॅबच्या रिपोर्टआधी हे कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला कळलं होतं, कारण त्याच्याकडची ओआरएसची पाकिटं भराभर संपत होती.

म्हणून मेडिकलवाले, गल्लीतले डॉक्टर, प्रायव्हेट हॉस्पिटलं यांच्याशी रोजचं बोलणं ठेवा. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड भागात जीबीएसचे (गुलियन बॅरे सिंड्रोम, यात हातापायातली ताकद जाते) पेशंट वाढले तेव्हा त्यातले कितीतरी प्रायव्हेटमध्येच ॲडमिट होते. पेशंटचा नुसता आकडा मागू नका, पत्ता मागा आणि नकाशावर टिंब मारा, टिंबं एका जागी जमली की तिथं पाणी कुठून येतं ते बघायचं.

डेंग्यूत नगरसेवक धूरफवारणीच मागणार. मशीन पाठवा, पण धुरानं फक्त उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या तशाच राहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस (साठवलेल्या पाण्याची सगळी भांडी रिकामी करायची), आणि पिंप नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, आतून घासायलाच लागतं. हे सर्वेवाल्या ताईंनी स्वतः घासून दाखवलं की बायका लगेच करतात, मी बघितलंय.

घरात कोण शिरतंय यावर बरंच अवलंबून असतं. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसले आणि लोकांनी पेशंट लपवले. २०२० मध्ये धारावीत तपासणीला तिथलेच प्रायव्हेट डॉक्टर पालिकेच्या टीमबरोबर गल्लीबोळात फिरले, ओळखीचा डॉक्टर दारात आला की माणूस ताप लपवत नाही. तुमच्या वस्तीतल्या अशा डॉक्टरांची यादी साथ यायच्या आधीच करून ठेवा.

आणि आशाताईंच्या मोबदल्याची फाईल अकाउंटला अडकली असेल तर ती स्वतः हातात घेऊन खाली जा, सही होईपर्यंत बसा. या बायका दार वाजवायच्या थांबल्या तर तुम्हाला वॉर्डातलं काहीच कळणार नाही. परत येताना स्टोअरला डोकावून ओटीच्या बाटलीवरची एक्सपायरी पण बघून या.